पिंपळाचं पाणी

धम्मपालची आई त्याच्याशी बोलेनाशी झाली ती नेमकी कधीपासून, हे त्याला सांगता येत नव्हतं. भांडण झालं असतं तर सोपं होतं. मुक्ताबाई भांडायला कधी मागे हटल्या नव्हत्या. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना त्यांनी सरळ केलं होतं. पण या खेपेला आवाज नाही, आदळआपट नाही. ताट वाढायचं, त्यावर दुसरं ताट झाकायचं आणि गॅलरीतल्या खुर्चीत पाठ करून बसायचं. काही विचारलं तर "हं." फारच विचारलं तर "बरं."

आता आईच्या अबोल्यापायी तिशी उलटलेल्या, दंड हातभर असलेल्या जिमवाल्याने इतकं कासावीस व्हावं का? व्हावं. घरात माणसं दोनच. त्यातलं एक गप्प झालं की उरतो टीव्ही, आणि टीव्हीकडे बघत खाल्लेली भाकरी अंगी लागत नाही.

आधी असं नव्हतं. क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खाली त्याची जिम आणि वर घर. संध्याकाळची बॅच संपत आली की वरून हाक यायची, "धम्मा, जेवायला चल." मेंबर लोकांना ती हाक इतकी पाठ झाली होती की ती आली की शेवटचा सेट समजून जो तो आपापला टॉवेल शोधायचा. एका संध्याकाळी हाक आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक आपले वजनं उचलतच राहिले, आणि धम्मपाल छताकडे बघत राहिला.

त्याने डोकं खाजवून खाजवून कारणं शोधली. सापडलेलं पहिलं कारण म्हणजे प्रेरणा.

प्रेरणा ही त्याच्याकडची ट्रेनर. सिडकोत वाढलेली, पुण्यात कोर्स करून आलेली, आणि जगात जे जे चुकतंय ते ते आपल्यालाच दुरुस्त करायचं आहे असं मानणारी. थंडी संपता संपता ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपण लोकांची चरबी जाळतो. पण ती जाळायला किती कोळसा जाळतो, याचा विचार केलाय कधी?"

धम्मपालने केला नव्हता. आपल्या एसीमागे कुठेतरी कोळसा जळतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. ती आता शिरली, आणि एकदा शिरल्यावर बाहेर निघेना. माणूस सरळ होता. पटलं की पटलं.

मग काय विचारता. दोन वर्षांपूर्वी पेढे वाटून बसवलेले एसी बंद झाले, खिडक्या उघडल्या, छताला मोठे पंखे आले. प्लास्टिकच्या बाटल्यांना दारातच मज्जाव झाला, जो तो घरून स्टीलचा तांब्या नाहीतर गडू घेऊन येऊ लागला, आणि सकाळची बॅच एखाद्या लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी दिसू लागली. विजेवर चालणारी ट्रेडमिल गेली. तिच्या जागी आपल्याच पायांनी ढकलायचा पट्टा आला. एक सायकल अशी आली की पेडल मारलं की वीज तयार होते. काकासाहेबांनी तिच्यावर घामाच्या धारा लागेपर्यंत पेडल मारलं. हे काकासाहेब बिडकीनकडची शेती औद्योगिक वसाहतीत गेल्यावर शहरात आलेले, आणि सोबत फक्त पोट घेऊन आलेले. एवढ्या मेहनतीवर त्यांचा मोबाइल जेमतेम जागा झाला.

"आमच्या मोटारीला दिवसभर लाइट नसायची," ते धापा टाकत म्हणाले, "तवा कुठं व्हती ही सायकल?"

लोक कुरकुरले, पण गेले नाहीत. उलट नवे आले. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, प्रेरणाने एक हिरवा बोर्ड करून आणला, "हरित व्यायामशाळा. झाड वाचवा, शरीर घडवा." बोर्ड कुठे लावायचा? जिमच्या मागच्या भिंतीलगत गल्लीच्या कडेला एक तरणाबांड पिंपळ होता. त्याच्याच खोडाला बोर्ड बांधला. पोरंपोरी त्याच्यापुढे दंड फुगवून फोटो काढू लागली.

तो पिंपळ साधा नव्हता. म्हणजे झाड म्हणून साधाच, पण मुक्ताबाईंसाठी नव्हे.

धम्मपालचे वडील सर्जेराव वाळूजच्या एका कारखान्यात होते. पोराने परीक्षा द्याव्यात, साहेब व्हावं, एवढंच त्यांचं मागणं. पोराने जिम काढली. "लोखंड वर उचलायचं आन् पुन्ना खाली ठिवायचं, ह्याला धंदा म्हनायचा," असं ते एकदाच म्हणाले. पोराला ते लागलं. त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं ते "गाडीची किल्ली कुठंय" एवढंच. आणि एके सकाळी ड्यूटीवर निघताना, पायात एक बूट घातलेला असतानाच सर्जेराव, धम्मपालचे अण्णा, गेले. राहिलेलं बोलणं राहूनच गेलं. धम्मपालने पुन्हा घरात त्यांचं नाव काढलं नाही. कुणी काढलं तर उठून जायचा. पाहुणे म्हणायचे, पोरगं दगडाचं आहे. दगडाचं नव्हतं. त्याला नुसतं कळत नव्हतं की या गोष्टीला कुठून हात घालावा.

अण्णांना वर्ष झालं तेव्हाच्या पुण्यानुमोदनाला मुक्ताबाईंनी बुद्ध लेणीच्या पायथ्याच्या विहारातून बोधिवृक्षाचं रोप आणलं आणि भिंतीमागे लावलं. भिंतीजवळ पिंपळ लावू नये, असं सांगायला चार जण आले. त्यांनी चौघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही असलं आपलं शहर. तरी मुक्ताबाई ड्रममध्ये साठवलेलं पाणी मोजूनमापून काढत, बादली घेऊन खाली उतरत. मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला. त्या वर राहिल्या, झाड खाली राहिलं. "झाडाला पानी घालत जा रं," असं त्या एकदा म्हणाल्या. धम्मपाल "हो" म्हणाला आणि त्याच दिवशी एसी बसवणारी माणसं आली म्हणून त्या गडबडीत विसरला. विसरला तो विसरलाच.

झाड मात्र वाढत गेलं. आजूबाजूला महापालिकेने लावलेली झाडं पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात वाळून गेली, आणि हा गडी गॅलरीच्या कठड्यापर्यंत येऊन पोचला. धम्मपालला कधीमधी वाटायचं, आई वरून भाजी धुतलेलं पाणी ओतत असेल. याहून जास्त विचार त्याने केला नाही. वर्षातून एकदा, बुद्ध पौर्णिमेला, तो मुक्ताबाईंना दोन्ही हातांनी धरून जिना उतरवायचा. त्या झाडाखाली मेणबत्त्या लावायच्या, वंदना म्हणायच्या, आणि झाडाच्या खोडावरून एकदा हात फिरवायच्या. वर येताना त्या धम्मपालच्या पाठीवरूनही तसाच हात फिरवत. हे तो लहानपणापासूनचं समजत होता. खरं तर ते दोनच वर्षांपूर्वी सुरू झालं होतं, पण एवढं लक्ष कोण देतो?

यंदा फाल्गुनात पिंपळाची पानं गळाली. ती दरवर्षीच गळतात. चैत्रात तांबूस, कोवळी, उन्हात चमकणारी नवी पालवी आली. तीही दरवर्षीच येते. पण बोर्ड लागला, एप्रिल तापला, आणि पालवी मोठी व्हायच्या आतच कडांनी करपायला लागली. पानं मान टाकू लागली.

मुक्ताबाई गॅलरीतून दिवसभर ते बघत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी त्याला विचारलं, "धम्मा, झाड बगितलंस का?"

"बघितलं ना," धम्मपाल मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "मस्त दिसतो की नाही बोर्ड?"

हाक बंद झाली ती त्या दिवसापासून. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं. धम्मपालला कळलं नाही, कारण माणसाला स्वतःचं बोलणं कधी ऐकू येत नाही.

त्याने आधी ठरवलं, आईला गरम होत असेल. खाली एसी बंद झाल्याने वरची फरशी तापत असेल. त्याने वर कूलर आणून ठेवला. मुक्ताबाईंनी तो लावला नाही. मग वाटलं, नव्या पट्ट्याची धडधड होत असेल. पट्ट्याखाली जुन्या टायरच्या रबराची चटई घातली. मग वाटलं, आपण तिला काही आणत नाही. एके दुपारी शहागंजच्या बाजारात जाऊन, रूपाला बरोबर घेऊन, एक जांभळी साडी आणली. रूपा ही जिमची साफसफाई करणारी, साड्यांतलं तिला कळतं असं सगळे म्हणत. मुक्ताबाईंनी साडी हातात घेतली, घडी न मोडता पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "हं."

"आईला काय झालंय, काही कळतंय का?" त्याने रूपाला विचारलं.

"मला तर त्या झाडाकडंच बघत ऱ्हातात असं दिसतंय, भाऊ."

तेव्हा कुठे धम्मपाल मागे जाऊन झाडापुढे उभा राहिला. आणि हबकला. अर्धी पानं खाली, अर्धी लटकलेली, आणि त्या काड्यांच्या मधोमध "झाड वाचवा" असा ठळक बोर्ड.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. काकासाहेबांनी खोडावर नख मारून सांगितलं, "वाळवी हाय. हिंगाचं पानी सोडा." हिंगाचं पाणी सोडलं. वाळवी नव्हती, पण गल्लीभर आमटीचा वास सुटला. दुसरा एक मेंबर म्हणाला, शेजारच्या गॅरेजवाल्याने ऑइल ओतलं असणार. त्यावरून गॅरेजवाल्याशी दोन शब्द झाले, आणि तो बिचारा गेले पंधरा दिवस गावाला होता असं निघालं. प्रेरणाने पानाचा फोटो काढून मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला विचारलं. ॲप म्हणालं, हे घरात ठेवायचं शोभेचं झाड आहे, त्याला उन्हात ठेवू नका.

धम्मपालचं डोकं भणभणलं. उन्हाळा दरवर्षी असतो. जमीन तीच, भिंत तीच. मग यंदाच काय झालं? आणि तेही नेमकं आपण पहिल्यांदाच निसर्गाचं काही भलं करायला निघालो तेव्हा? दोन वर्षं एसी लावून कोळसा जाळला, तेव्हा झाड डोलत होतं. एसी बंद केला आणि झाड चाललं. त्याला हे कोडं कुणापुढे मांडायचीही लाज वाटली. प्रेरणाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सर, योगायोग. तोही स्वतःला तेच म्हणत होता, आणि रोज सकाळी उठून खाली पडलेली पानं बघत होता.

बुद्ध पौर्णिमा आठवड्यावर आली. त्याने जेवताना मुद्दामच विषय काढला. "आई, पौर्णिमेला सकाळीच उतरू या. ऊन चढायच्या आत."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "यंदा मी खाली यायची नाय."

"का गं?"

"कशाला यायचं? काड्यांखाली मेनबत्त्या लावायला?"

कितीतरी दिवसांनी आई इतकं बोलली होती, आणि बोलली ते हे. आईने घरात न बोलणं एक वेळ सोसता आलं असतं. पण पौर्णिमेला ती खाली उतरली नाही, तर पुन्हा कधीच उतरणार नाही, हे त्याला कुणी न सांगता कळलं. झाड गेलं तर आपलं आणि आईचं काहीतरी कायमचं जाईल. काय जाईल, ते मात्र नीट कळेना.

त्यातच पुण्याची पाहुणेमंडळी आली. पर्यावरणपूरक व्यायामशाळांना प्रमाणपत्र देणारी ती एक संस्था होती, प्रेरणाने महिनाभर त्यांच्यामागे लागून त्यांना बोलावलं होतं. एक बाई, एक गृहस्थ. आले ते नेमके भर दुपारी. मराठवाड्यातल्या मे महिन्यातली दुपार काय असते ते पुण्याच्या माणसाला पुण्यात बसून कळत नाही. त्यांनी सायकल बघितली, पट्टा बघितला, स्टीलचे तांबे बघून टाळ्या वाजवल्या. मग गृहस्थांनी रुमालाने मान पुसली, बाईंनी वहीने वारा घेतला, आणि शेवटी गृहस्थ अगदी अवघडून म्हणाले, "नाही म्हणजे, तत्त्व आपलं बरोबरच आहे. पण बोलणं होईपर्यंत तेवढा एसी लावता येईल का?"

प्रेरणाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पाहुणा तो पाहुणा. एसी लागले. बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं; वीज कशी वाचवावी यावर गृहस्थांनी फार छान माहिती दिली, आणि चांगल्या थंडगार हवेत दिली. जाताना दोघेही बोर्डापुढे उभे राहून फोटो काढून गेले. वाळकं झाड दिसू नये म्हणून फोटो जवळून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल नेहमीप्रमाणे पानं बघायला मागे गेला आणि तिथेच थबकला. झाडाच्या बुडाशी माती काळीशार ओली होती. भिंतीकडच्या फांदीवरची चार पानं, काल मान टाकलेली, आज जराशी सावरून बसली होती.

त्याने रूपाला हाक मारली. "पाणी तू घातलंस?"

"मी कशाला घालू? मला कुनी सांगितलं का?"

प्रेरणाला विचारलं. तिनेही नाही म्हटलं. काकासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हिंगाचा गुन उशिरानं येतो."

धम्मपाल भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंतीतून एक पांढरी नळी बाहेर आली होती. दोन वर्षं ती तिथे होती, दोन वर्षं त्याने ती बघितली नव्हती. तिच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो सुटला आणि बरोबर पिंपळाच्या आळ्यात पडला. एसीचं पाणी. बसवणाऱ्याने नळी सोयीची म्हणून मागे काढून दिली होती, आणि खाली झाड आहे की दगड, हे त्याने बघितलंही नसेल. उन्हाळा लागला की चार एसी दिवसभर गळायचे. ज्या दिवसांत शहरात माणसांना पाणी नव्हतं, त्या दिवसांत हा गडी पोटभर पीत होता.

त्याला आधी हसू आलं. मग हसू गेलं आणि नुसता गोंधळ उरला. म्हणजे झाड जगवत होता तो एसी. आणि झाड मारलं ते झाड वाचवायच्या बोर्डाने. आता करायचं काय? एसी लावले तर झाड जगेल, पण मग हरित काय राहिलं? नाही लावले तर कोळसा वाचेल, पण अण्णांचं झाड जाईल. कोळसा मोठा की झाड? आणि हे असलं गणित मांडायचं कुणी?

तो तसाच प्रेरणाकडे गेला आणि एका दमात सगळं सांगून म्हणाला, "बोल. एसी लावू की नको? एवढा महिना जरा लावू या का? पौर्णिमेपर्यंत?"

प्रेरणा त्याच्याकडे बघतच राहिली. "सर, एक झाड जगवायला चार एसी?"

"मग झाड मरू देऊ?"

"पाणी घाला ना," ती म्हणाली.

खरंच की, झाडाला पाणी घालता येतं. बादलीने. हाताने. इतक्या दिवसांत हिंग सुचलं, गॅरेजवाला सुचला, चार एसी सुचले, हे सुचलं नाही.

"आपल्या पिण्याच्या फिल्टरमागून किती पाणी गटारात जातं, ते बघा एकदा," प्रेरणा म्हणाली. "त्याच्याखाली कॅन लावला तर नळाची वाटही बघायला नको."

त्याला हायसं वाटलं. कोडं सुटलं होतं. आता वर जायचं आणि आईला सांगायचं, की आई, झाडाला रोग नाही, कुणाची नजर नाही, साधी गोष्ट आहे, ते एसीचं पाणी होतं. सगळं नळीपासून नीट समजावून सांगायचं. म्हणजे तिला पटेल, की यात चूक कुणाचीच नाही. तो दोन-दोन पायऱ्या चढत निघाला.

वळणावर तो थांबला. मुक्ताबाई जिन्यात होत्या. बसून, एकेक पायरी सरकत उतरत होत्या. मांडीजवळ पितळी कळशी, तोंडापर्यंत भरलेली. एक पायरी कळशी खाली ठेवायची, मग हाताने कठडा धरून स्वतः खाली सरकायचं, मग पुन्हा कळशी. लुगड्याचा काठ ओला झाला होता. ओठ घट्ट मिटलेले होते.

"आई, अगं काय करतेस? पडशील."

"पडू दे."

"मला सांगायचं ना."

"तुला?" मुक्ताबाईंनी मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि आवाजात राग नव्हता, हे त्याला रागापेक्षा वाईट वाटलं. "तुला काय सांगू? दोन वर्सं सांगावं लागलं व्हतं का? माझे गुडघे गेले, मला वाटलं झाड गेलं. वरून बघत बसले, आज वाळंल, उद्या वाळंल. नाय वाळलं. मी म्हनलं, व्हय, माझा लेक घालतोय पानी. कुनाला दिसू न देता. मलाबी सांगंना. मी बी नाय विचारलं. म्हनलं, विचारलं की लाजंल, सोडून देईल."

धम्मपालचं तोंड उघडंच होतं. त्यात एसी हा शब्द तयार होता.

"लोक म्हनायचे, पोराला बापाचं काय नाय. मी मनात म्हनायचे, तुमाला काय ठावं. बापाशी बोलला नाय कदी, झाडाशी बोलतो माझा लेक." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग काय झालं रं? बोर्ड बांदायला जातोस, फोटू काढायला जातोस. पानी घालायला जीवावर आलं? इतक्यात इसरलास बापाला?"

जिन्यात रूपाच्या झाडूचा आवाज खालून येत होता. धम्मपालच्या डोक्यात एकदम सगळं जागच्या जागी बसलं आणि त्याच वेळी सगळं विस्कटलं. पाठीवरून फिरणारा तो हात. पौर्णिमेचा. तो हात त्याला नव्हताच. तो पाणी घालणाऱ्या पोराला होता, आणि तसा पोरगा या घरात कधी नव्हता. होती ती भिंतीतली नळी.

खरं सांगायचं, तर आता सांगायला हवं होतं. एक वाक्य, एवढंच. खरं बोलणारा माणूस होता तो, मेंबर लोकांना तोंडावर सांगायचा की तुमचं वजन वाढलंय. पण आई पायरीवर बसली होती, मांडीशी कळशी घेऊन. दोन वर्षं ती ज्याच्यावर जगली ते तिच्याकडून काढून घ्यायचं आणि बदल्यात द्यायची काय, तर एसीची नळी?

"चुकलं, आई," तो म्हणाला.

त्याने कळशी उचलली. हाताला ती जड लागली. हसण्यासारखं आहे, रोज याच्या कितीतरी पट उचलणारा माणूस, पण लागली. "तू बस इथंच. हलू नको. मी घालून येतो."

तो मागे गेला, आळं हाताने उकरलं आणि कळशी हळूहळू रिकामी केली. मग खोडाची दोरी सोडून बोर्ड उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. परत येऊन मुक्ताबाईंना उचलून वर नेलं. उचलताना त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला होता, आणि तो त्यांनी वर गेल्यावरही लगेच काढला नाही.

त्या दिवसापासून फिल्टरच्या मागच्या नळीखाली कॅन लागला. सकाळ-संध्याकाळ धम्मपाल दोन हातांत दोन कॅन घेऊन मागे जाऊ लागला. काकासाहेबांनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हा तर आपला नवा येक्सरसाइज झाला. प्रेरणाताई, लावा ह्याला नंबर. मला बी द्या एक डबा."

प्रेरणालाही ते पटलं. रोज एकेका मेंबरने कॅन न्यायचा, व्यायामही होईल आणि झाडही जगेल, असं तिने लगेच मनातल्या मनात आखलंही.

"दुसरं झाड लावा आणि त्याला न्या," धम्मपाल म्हणाला. "हे माझं आहे."

त्याने ते इतक्या ठामपणे सांगितलं की पुन्हा कुणी विषय काढला नाही. एसी बंदच राहिले. प्रमाणपत्र आलं, ते प्रेरणाने फ्रेम करून लावलं. त्यातलं किती खरं आणि किती नाही, हे धम्मपालने तिला विचारलं नाही. त्याच्या स्वतःपाशीच तसलं अर्धं खरं बरंच काही शिल्लक होतं. आपण आईला फसवलं की सांभाळलं, हे त्याला अजूनही ठरवता आलेलं नाही. आणि मला विचाराल, तर मलाही नाही. त्याला फक्त एवढं कळलं होतं, की आईने दोन वर्षं मनात धरलेला तो पोरगा आता आपल्यालाच व्हावं लागणार, आणि त्याला सुट्टी नाही.

पौर्णिमेला झाड काही हिरवंगार झालं नव्हतं. इतक्यात कुठलं होतंय. पण भिंतीकडच्या फांदीवर नखाएवढे तांबूस कोंब आले होते. मुक्ताबाई सकाळीच जांभळी साडी नेसून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पुढे करून. खाली आल्या, मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली, कोंब जवळून बघितले. खोडावरून हात फिरवला. मग धम्मपालच्या पाठीवरून. या वेळी त्याला तो हात कळला, आणि त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी बॅच संपत आली तेव्हा तो कॅन घेऊन मागे होता. पाणी हळूहळू मुरत होतं. झाडाशी बोलतो माझा लेक, असं आई म्हणाली होती. तेवढं एक अजून झालं नव्हतं. गल्लीत कुणी नव्हतं. धम्मपालने घसा साफ केला. काय बोलावं ते सुचेना. इतक्या वर्षांचं तुंबलेलं, सुरुवात कुठून करायची?

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "आज गर्दी बरी होती."

मग थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, काही उत्तर यायचं असल्यासारखा.

वरून हाक आली, "धम्मा, जेवायला चल."

"आलो," तो म्हणाला, आणि दुसरा कॅन ओतायला वाकला.